सुपींच्या फोटोतली मगर

माझी भाची एकुआ फोटो नासवते, आणि त्याबद्दल लोक तिला विमानाची तिकिटं पाठवतात. ही बढाई नाही, तक्रार आहे. मी एकोव एसिल्फी, आबाक्रोमचा निशाणं शिवणारा शिंपी. जन्मभर सरळ टाका घातला, पण मला कुणी कुमासीच्या बसचं तिकीटसुद्धा फुकट दिलं नाही.

तिची सगळी विद्या माझ्या दुकानातली. लहानपणी माझ्या मशीनखाली बसून ती उरलेल्या चिंध्या कातरत बसायची. तिनं नासवलेला पहिला फोटो चर्चच्या महिला मंडळाचा होता. माझ्या बहिणीनं, मान्सानं, तो मोठ्या कौतुकानं भिंतीवर लावला होता. पांढऱ्या पोशाखातल्या बायका दोन रांगांत उभ्या. त्यातल्या ज्या बायका एकुआला आवडत नव्हत्या, त्यांना तिनं लाल कापडाचे बकरीचे कान शिवले. अध्यक्षीणबाईंना वर शेपूटही. मान्सा केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, विकते. बाई एक दिवस तिच्याकडे ती घ्यायला आल्या, भिंतीकडे बघितलं आणि केंकी न घेताच गेल्या. मान्सानं पोरीला बदड बदड बदडलं. मी मात्र फोटो उतरवून टाके बघत होतो. बारीक, एकसारखे, ताणलेले नाहीत. त्या वयात माझे असे नव्हते, पण हे मी कशाला बोलू?

पुढे ती कॉलेजात गेली, मग राजधानीत, आक्रात राहिली, मग डाकार, मग युरोपातली अशी अशी गावं, की ज्यांची नावं मान्सा बाजारात रोज नव्यानं चुकवते. काम मात्र तेच. बंद पडलेल्या स्टुडिओंत लोकांनी न नेलेले जुने फोटो पडून असतात. ते एकुआ गोळा करते, कसावाची खळ लावून त्यांच्या पाठीला मांजरपाट चिकटवते, म्हणजे कागद फाटत नाही, आणि मग वरून कापडाचे तुकडे शिवते. कुणाच्या डोक्यावर छत्री, कुणाच्या मांडीवर कोंबडा. एकट्याच बसलेल्या एका बाईच्या शेजारी तिनं अख्खा नवरा शिवला होता. त्याला चेहरा नव्हता, पण कापड उंची होतं.

"न बोलणारा आणि अंगावर चांगलं कापड," मान्सा म्हणाली. "असा मलाही चालला असता."

एका विद्वानानं छापून आणलं की एकुआचा लाल धागा म्हणजे इतिहासाची वाहती जखम. तो धागा मी दिला होता. निळा संपला होता, म्हणून लाल दिला.

आता पथकांचं सांगायला हवं, नाहीतर पुढची भानगड कळायची नाही. आमच्या गावात दोन पथकं आहेत. एके काळी ती लढाईला जायची. आता लढाया नाहीत, म्हणून निशाणं नाचवतात आणि एकमेकांना टोमणे मारतात, आणि खरं सांगायचं तर ते भाल्यापेक्षा जास्त लागतं. एक नंबरच्या पथकाचं चिन्ह गलबत, दोन नंबरचं मगर. नवीन निशाण शिवलं की ते आधी नानांना, म्हणजे आमच्या राजांना, दाखवायचं आणि मगच नाचवायचं. कारण मगर गलबताला तोंड लावतेय असं कापडावर कुणी काढलं, तर पूर्वी डोकी फुटायची. अजूनही फुटतात, फक्त आता आधी फोन करून फुटतात.

गंमत पुढेच आहे. आमच्यात घराणं मिळतं आईकडून आणि पथक मिळतं बापाकडून. मी आणि मान्सा एक नंबरचे. मान्सानं लग्न केलं ते कोबिना बेंत्सिलशी, म्हणजे दोन नंबरच्या निशाण नाचवणाऱ्याशी. त्यामुळे एकुआ माझी वारसदारही आणि माझी शत्रूही. उत्सवात समोर उभी राहून ती आमच्या पथकाच्या आयाबहिणींचा उद्धार करणारी गाणी म्हणायची आणि दुपारी माझ्याच घरी येऊन माशाचं डोकं मागायची. मी द्यायचो.

कोबिना समुद्रावर गेला आणि होडी तेवढी परत आली. एकुआ तेव्हा शाळेतही जात नव्हती. बापाचं तिच्याकडे राहिलं काय, तर नाचताना तो घालायचा तो हिरवा सदरा. तिनं तो गावोगावच्या भाड्याच्या खोल्यांतून सोबत वागवला. माझी कात्री कुठल्याही कापडावर चालते, पण त्या सदऱ्याला हात लावलात तर बोटं कापीन, असं ती मला, तिच्या सख्ख्या मामाला, सांगायची.

गेल्या वर्षी आमच्याच गावातल्या एका मेलेल्या फोटोवाल्याच्या नातवंडांनी तिला जुन्या फोटोंचं खोकं दिलं. त्यात एका मुलाचा फोटो निघाला. मोठ्या माणसाचा कोट घातलेला, पाच-सहा वर्षांचा पोरगा. मागे पडद्यावर रंगवलेला समुद्र, समुद्रात गलबत. खाली पाणीच पाणी. माझ्या गुणी भाचीनं त्या पाण्यात आ वासलेली मगर शिवली. आणि मगरीसाठी कापड कुठलं, तर बापाच्या सदऱ्याचं. त्याला वाळवी लागली होती, आणि एक पाठीचा तुकडा तेवढा धड उरला होता. मग तिनं मला फोनवर चित्र पाठवलं.

"मामा, तुमचं गलबत गेलं हो! काही सामान काढायचं असेल तर लवकर काढा."

मी हसलो. इतका हसलो की तोंडातल्या टाचण्या पडल्या. मग तिला फोन करून यथेच्छ शिव्या दिल्या. ती चेष्टा आमच्या दोघांतली होती. चित्र लागलं ते आक्रातल्या प्रदर्शनात, आणि तिथं मगर आणि गलबत बघून कोण चिडणार? तिथल्या लोकांना त्यात बालपण दिसलं, सागर दिसला, आणि काय काय दिसलं.

पण तिथल्या चित्रदालनाच्या मालकाला ते चित्र इतकं आवडलं की त्यानं त्याचं कॅलेंडर छापलं. एक कॅलेंडर आमच्या गावच्या ट्रोट्रो, म्हणजे भाड्याची प्रवासी गाडी, चालवणाऱ्या फीफीच्या हाती लागलं. फीफी दोन नंबरचा. त्यानं ते गाडीच्या पुढच्या काचेला आतून चिकटवलं, चित्र बाहेरच्या बाजूला, आणि एरवी जी गाडी प्रवासी भरल्याशिवाय तसूभर हलत नाही, ती रिकामी गाडी हॉर्न वाजवत आमच्या एक नंबरच्या आळीतून फिरवली. पुन्हा फिरवली. पुन्हा.

तेवढ्यावर भागलं असतं तर थोड्या शिव्या, थोडे दगड, आणि संपलं असतं. पण आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या काचेजवळ जाऊन बघायला लागल्या, आणि मगरीचं सोडून त्या पोराच्या ओठाबद्दल बोलायला लागल्या. खालचा ओठ पुढे काढलेला, जगानं आत्ताच काहीतरी हिसकावून घेतल्यासारखा. असा ओठ अख्ख्या आबाक्रोममध्ये एकच आहे. तो सुपी हेफ्रॉन यांचा. सुपी म्हणजे पथकाचा सेनापती. माझ्या पथकाचा सेनापती! लहानपणीचे सुपी, आणि त्यांच्या पायाखाली दोन नंबरची मगर.

हे एकुआला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. सुपींनी स्वतः तो फोटो कधी पाहिला नव्हता.

सुपींच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्याचं वर्णन करत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात निरोप आला. एकुआनं चित्र घेऊन नानांपुढे यायचं, स्वतःच्या हातानं मगर उसवायची आणि आमच्या पथकाच्या ठाण्यापुढे ती जाळायची. नाहीतर एक नंबरचं निशाण पुन्हा माझ्या दुकानात शिवलं जाणार नाही, आणि मान्साच्या केंकीला आळीत कुणी शिवणार नाही.

एकुआ चित्र घेऊन आली. मान्सानं तिला आधी ताट वाढलं आणि मग ओरडायला सुरुवात केली.

"सगळ्या देशात फोटो भरलेत, तुला हाच सापडला?"

"आई, मला काय माहीत सुपी कधी लहान होते म्हणून!"

"दादा, तू तरी सांग हिला! उसवून टाक म्हणावं."

मी चित्र हातात घेतलं. उसवायला काय लागतं, धाग्याचं टोक धरून ओढायचं. पण कापडासारखं फोटोचं नसतं. कापडावरची भोकं धुतल्यावर मिटतात, कागदावरची मिटत नाहीत. मगर गेली असती, तरी मगरीच्या आकाराची चाळण राहिली असती.

"भोकांचं मी बघेन, मामा," एकुआ म्हणाली. आता ती हसत नव्हती. "भोकं भोकांसारखी दाखवता येतात. पण ते जाळायचं म्हणतायत. बापाचं एवढंच उरलंय माझ्याकडे. चेष्टेत कातरलं मी ते. मीच कातरलं."

तिला रडताना मी बकरीच्या कानांच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं. मी तिला म्हटलं की जेव, मासा गार होतोय.

नानांच्या अंगणात सगळं गाव जमलं. एक नंबर एका बाजूला, दोन नंबर दुसऱ्या बाजूला, आणि मी मधे, कारण मला दोन्हीकडून ढकलत होते. नानांशी थेट बोलायचं नसतं. त्यांच्या शेजारी सोन्याच्या मुठीची काठी घेऊन प्रवक्ता उभा असतो, त्याला सांगायचं. तो ते धुऊन, पुसून, इस्त्री करून नानांना सांगतो. नाना वीतभर अंतरावर बसून सगळं ऐकत असतात, तरीही.

"सांग नानांना," सुपी गरजले, "ह्या शेफारलेल्या कार्टीनं माझ्या पायाखाली तिच्या बापाच्या पथकाचा सरडा सोडलाय!"

प्रवक्ता वळला. "नाना, चित्रातल्या एका प्राण्याविषयी सुपींच्या मनात काही प्रश्न आहेत."

"सांगा नानांना," एकुआ म्हणाली, "तो सरडा नाही, मगर आहे. सुपींना फरक कळत नसेल तर नदीत उतरून बघा म्हणावं."

"नाना, मुलगी सुपींच्या अभ्यासू वृत्तीचा आदर करते."

नानांच्या डोक्यावरची मोठी छत्री हलायला लागली. छत्री धरणारा हसत होता. नानांनी खोकून त्याला गप्प केलं, पण त्यांचेही खांदे हलत होते.

तरी निकाल लागायचा तो लागलाच. नाना म्हणाले, गाव तेच, रीत तीच. निशाण असो की फोटो, दाखवल्याशिवाय मगरीनं गलबताजवळ तोंड न्यायचं नाही. दंड म्हणून एक मेंढा आणि जिनच्या बाटल्या. आणि मगर उसवायची. एक नंबरच्या पोरांनी आरोळी ठोकली. कुणीतरी शेकोटीसाठी नारळाच्या झावळ्याही आणल्या होत्या.

एकुआनं चित्र मांडीवर घेतलं, कात्री काढली आणि मगरीच्या शेपटीखाली टोक घातलं. मग थांबली. प्रवक्त्याला विसरून ती सरळ सुपींशीच बोलली.

"जाळा. पण कापड कुठलं आहे ते ऐकून जाळा. माझ्या बापाचा सदरा आहे हा."

सुपींनी ओठ आत घेतला.

"कोबिनाचा? नाचायचा? हिरवा?"

"हो."

"तो नाचायला लागला की मला घाम फुटायचा," सुपी म्हणाले. "दे इकडे. बघू."

तोवर त्यांनी चित्र पाहिलं होतं ते फीफीच्या काचेत, तेही धावत्या गाडीच्या. आता त्यांनी ते म्हाताऱ्या माणसांसारखं हात लांब करून धरलं. मला वाटलं, मगर बघतायत. ते मगर बघत नव्हते. झावळ्या आणणारी पोरं चुळबुळ करायला लागली.

"हा स्टुडिओ जोजो आर्काचा," सुपी शेवटी म्हणाले. "जोजो दोन नंबरचा. माझी आई मला तिथं घेऊन गेली. बापाला न सांगता."

"दोन नंबरच्या माणसाकडे? तुम्हाला?" एकुआनं विचारलं.

"आई दोन नंबरची होती माझी."

जुन्या लोकांना हे माहीत असणार, पण कुणी बोललं नव्हतं. जो माणूस आयुष्यभर दोन नंबरच्या नावानं बोटं मोडत आला, त्याच्या आईबद्दल कोण बोलणार?

"खूप पडदे होते तिथं," सुपी सांगत होते, आणि सांगत होते ते फक्त एकुआला. "मोटार होती. राजवाडा होता. मला मोटार हवी होती. तिनं गलबत निवडलं. म्हणाली, बापाचं पोर आहेस, बापाच्या गलबतापुढे उभा राहा. म्हणून ओठ काढलाय मी. मोटार नाही मिळाली म्हणून. बापाला कळलं. दोन नंबरच्या हातचा फोटो या घरात येणार नाही म्हणाला. मग ती आणायला गेलीच नाही. त्याच पावसाळ्यात वारली ती. तिचा स्वतःचा फोटो काही निघाला नव्हता."

एकुआनं कात्री मिटून बाजूला ठेवली.

"मी कुठं बघतोय दिसतं का तुला?" सुपींनी विचारलं.

आम्ही वाकून पाहिलं. मुलाचे डोळे समोर नव्हते. उजवीकडे, चित्राच्या कडेपलीकडे लागले होते.

"आक्रातल्या एकानं लिहिलंय," एकुआ हळूच म्हणाली, "की हा मुलगा क्षितिजाकडे बघतोय."

"क्षितिज गेलं खड्ड्यात. आई उभी होती तिथं."

प्रवक्ता सवयीनं नानांकडे वळला, तोंड उघडलं, आणि त्याच्याकडे इस्त्री करण्यासारखं काही निघालं नाही. "नाना," तो म्हणाला, "तिथं त्यांची आई उभी होती."

एक नंबरच्या पोरांतला एक धिटाईनं पुढे झाला. "पण सुपी, मगर आपलं गलबत खातेय!"

"कुठं खातेय? डोळे फुटले का तुझे? माझ्या आजोळचं जनावर आहे ते. माझ्या पायाशी बसलंय." सुपींनी चित्र एकुआच्या मांडीवर परत ठेवलं. "उसवू नकोस. पण आईला शिव. इथं." त्यांनी बोट ठेवलं ते फोटोवर नव्हे, फोटोच्या बाहेर, एकुआच्या गुडघ्यावर.

"फोटो इथं संपतो, सुपी."

"मग वाढव! आणि मेंढा सुटलाय असं समजू नकोस. मेंढा पाहिजेच."

मेंढा मी दिला. भाचीचा दंड मामानं भरायचा, हीही आमची रीतच. ही रीत ज्यानं पाडली त्याला बहीण नसणार. मेंढा दोन्ही पथकांनी मिळून खाल्ला. फीफीनं सगळ्यात जास्त खाल्ला आणि तरीही सुपींच्या तोंडावर म्हणाला की मांस जरा निबर होतं, एक नंबरच्या माणसानं निवडलेलं दिसतंय.

पुढचे काही दिवस सुपी माझ्या दुकानात ठाण मांडून बसले. एकुआनं फोटोच्या उजव्या अंगाला मांजरपाटाची पट्टी जोडली आणि तिच्यावर बाई उभी करायला घेतली. बाईचं लुगडं कसलं, यावरून दोन दिवस गेले. सुपी म्हणाले पिवळं, काळ्या माशांचं. मी पिवळं काढलं. ते नाही, म्हणाले, ते अजून पिवळं होतं. मी माझ्या दुकानातलं सगळं पिवळं उलगडून ठेवलं. मान्सा केंकी घेऊन आली आणि म्हणाली की डोक्याचा रुमाल त्या काळी असा बांधतच नव्हते. मग तिनं स्वतःच्या डोक्यावर बांधून दाखवला, आणि सुपी तिच्याकडे इतका वेळ बघत राहिले की ती लाजून घरी गेली.

आक्राहून चित्रदालनाच्या मालकाचा फोन आला. पुढच्या प्रदर्शनासाठी चौकट ठरली होती, पत्रिकेत माप छापून झालं होतं, आता चित्र रुंद कसं होईल? एकुआनं फोन माझ्या हातात कोंबला. "सांगा त्यांना, मामा, की मी जेवतेय." मी सांगितलं. तो पुन्हा पुन्हा फोन करत राहिला आणि ती पुन्हा पुन्हा जेवत राहिली.

"तोंड कसं होतं?" एका सकाळी एकुआनं विचारलं.

सुपींनी डोळे मिटले. त्यांचा ओठ पुढे आला, अगदी फोटोतल्यासारखा. "नाही आठवत," ते म्हणाले. "राहू दे कोरं."

तिनं कोरं ठेवलं. बाई पुरी झाली. पिवळं लुगडं, काळे मासे, तपकिरी कापडाचा चेहरा, एक हात कमरेवर, एक हात पुढे केलेला. मी टाके तपासले. खोट काढायला जागा नव्हती. तरी शोधली.

सुपी स्टुलावरून उठले, चित्राजवळ आले आणि बाईचा पुढे केलेला हात बघत उभे राहिले. हात पट्टीच्या कडेपर्यंत येऊन थांबला होता. तिथून पुढे फोटो सुरू होत होता.

"जरा लांब कर," ते म्हणाले. "माझ्यापर्यंत येऊ दे."

एकुआनं माझ्याकडे पाहिलं. पोरापर्यंत पोचायचा तर तो हात बाईच्या उंचीएवढा झाला असता. असा हात मी कुठल्या निशाणावर कधी कातरला नाही, आणि कुणी कातरला असता तर दुकानातून हाकलला असता. मी फळीवरून तपकिरी कापड काढलं, टेबलावर पसरलं आणि कात्री तिच्या हातात दिली.

"थोडं जास्तच ठेव," मी म्हणालो. "कमी पडायला नको."